तळाची पेटी

१

नम्रता मर्चंडेने पेटीचं झाकण उघडलं आणि ते हातात धरून ती तशीच वाकून बघत राहिली.

आत खडक असायला हवा होता. काळाभोर, थंड, हातात घेतला की वजन जाणवणारा, जमिनीतून काकडीसारखा गोल कापून काढलेला खडक. वरच्या सगळ्या पेट्यांत तो तसाच होता. पण सर्वांत खोलवरचे नमुने ठेवलेल्या तळाच्या पेटीत तांबडा चिखल पडला होता. कुणी गेरू भिजवून ओतावा तसा.

"हे काय आहे?" चिंतामणी वैशंपायनांनी विचारलं. ते पावसाच्या पाण्यासाठी बोगदा करणाऱ्या प्राधिकरणाचे मुख्य अभियंता, नम्रता त्यांच्या हाताखालची इंजिनियर. निवृत्तीला आलेले, पण शर्टाची इस्त्री कधी मोडली नाही असे.

"काल संध्याकाळी पेट्या आल्या तेव्हा ही झाकलेलीच होती, सर," नम्रता म्हणाली. "मी न उघडता शेडला कुलूप लावलं. आज सगळ्यांसमोर उघडून फोटो काढायचे असं ठरलं होतं ना."

"म्हणजे किल्ली तुझ्याकडे होती."

"एक माझ्याकडे. दुसरी बाहेर केबिनमध्ये, खिळ्याला."

रुचा अभ्यंकर पेटीवर वाकली. ती कंत्राटदार कंपनीची इंजिनियर, बोगद्याच्या कामात वाढलेली. "शक्यच नाही," ती पुटपुटली. "ड्रिलरने मला फोनवर सांगितलं, मॅडम, खालपर्यंत काळा दगड आहे. एकदम कडक."

"ड्रिलर तुमचाच माणूस," सल्लागार कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ विनीत सामंत म्हणाला. तो जागचा हलला नव्हता. पेटीकडे एकदाच, पण बराच वेळ बघून त्याने नजर काढून घेतली होती.

वैशंपायनांनी चष्मा पुसला. "उद्या सकाळी मला समितीपुढे निर्णय सांगायचाय. बोगद्याच्या शाफ्टखाली असला चिखल असेल तर ही जागा बाद. मग पुन्हा काळाचौकी."

काळाचौकी हा शब्द त्यांनी नम्रताकडे न बघता उच्चारला. काळाचौकीच्या नवजीवन चाळीत तिची आई राहत होती.

बाहेर पाऊस वाढला होता. शेडच्या पायरीला पाणी लागलं तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं.

२

गिरणी बंद पडून जमाना झाला होता. परळच्या त्या आवारात आता एक पत्र्याची शेड, तिला लागून एक केबिन आणि भोवती मोकळं मैदान एवढंच होतं. समुद्राला भरती होती, त्यामुळे पावसाच्या पाण्याला जायला वाटच नव्हती. चौघं केबिनमध्ये आली तोवर फाटकाबाहेरचा रस्ता दिसेनासा झाला. उभ्या टॅक्सीचं नुसतं टप दिसत होतं. नम्रताने मेन स्विच पाडला आणि पंखा थांबला.

"हेच पाणी घालवायला आपण बोगदा करतोय," रुचा खिडकीतून बघत म्हणाली.

एरवी अशा कामांची रीत ठरलेली. सल्लागार नकाशे काढतो, निविदा निघते, कंत्राटदार येतो आणि पहिल्याच महिन्यात म्हणतो, साहेब, हे असं बांधताच येत नाही. मग भांडणं, मग कोर्ट, आणि रस्ता खणलेला तसाच. वैशंपायनांनी जन्मभर हेच बघितलं होतं. म्हणून या वेळी नकाशे कच्चे असतानाच त्यांनी कंत्राटदाराला टेबलावर आणून बसवलं. पहिल्या टप्प्यात त्याने फक्त सल्ला द्यायचा. मशीन कुठून उतरेल, माती कुठून निघेल, जमीन कुठे दगा देईल, ते बांधणाऱ्यानेच आधी सांगावं. धोके कामाच्या मध्यावर समजण्यापेक्षा कागदावर असतानाच समजावेत. मग दुसऱ्या टप्प्यात ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या तारखेला काम व्हावं, भांडणाला जागाच राहू नये. वरिष्ठांनी नाकं मुरडली. वैशंपायनांनी आपला शब्द पणाला लावला.

आणि पहिल्याच बैठकीत फायदा दिसला. बोगद्यात उतरायची मोठी विहीर, म्हणजे शाफ्ट, विनीतच्या कंपनीने नवजीवन चाळीच्या जागी दाखवली होती. रुचा म्हणाली, या गल्लीत माझी क्रेन वळणार नाही. खाली तांबडा ठिसूळ थर आहे, तो मला रोज रडवेल. आणि एवढी कुटुंबं उठवायची कशाला? गिरणीचं मैदान रिकामं पडलंय. तिथे खडक चांगला असला तर शाफ्ट तिकडे सरकवू.

तो खडक चांगला आहे की नाही, हे आज ठरायचं होतं.

"पाणी ओसरायला संध्याकाळ होईल," वैशंपायन खुर्चीत बसत म्हणाले. "तोवर एक गोष्ट स्पष्ट बोलू या. पेटी नम्रताच्या ताब्यात होती."

"सर, आतला माल कुणीतरी बदललाय," नम्रता म्हणाली.

"तू हे म्हणणारच." त्यांचा आवाज मऊ होता आणि त्यामुळेच जास्त लागला. "खडक चांगला निघाला तर तुझ्या आईचं घर वाचतं. बाहेर जाऊन तू हे सांगितलंस, तर पहिला प्रश्न तोच येईल. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय. जमीन वाईट निघाली. विषय संपला."

नम्रताला केबिनच्या भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटल्या. गप्प बसली तर चाळ जाणार होती. बोलली तर तीच खोटी ठरणार होती.

३

तिने गप्प बसायचं नाही असं ठरवलं, पण आरडाओरडाही केला नाही. वैशंपायन फोनला रेंज मिळते का बघायला व्हरांड्याच्या टोकाला गेले, तेव्हा ती रुचाशेजारी जाऊन बसली.

"काल मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणून पेट्या कुलपात ठेवून लगेच निघाले. नंतर कोण होतं इथे?"

"आम्ही तिघंही होतो. मीटिंग लांबली. मग एकेक करून गेलो." रुचाने तिच्याकडे रोखून बघितलं. "माझ्यावर संशय आहे?"

"जमीन वाईट निघाली तर तुमच्या कंपनीला किंमत वाढवून मागता येते."

"येते. पण ही जागा मी सुचवली, मॅडम. इथे चिखल निघाला तर पहिली माझी नोकरी जाईल." तिने केस मागे बांधले. "आणि चिखल बघून मला काय वाटलं सांगू? त्या चाळीखालच्या दगडासारखाच आहे तो. आठवतं, दुसऱ्या बैठकीत, दादरच्या हॉलमध्ये मी एक तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून दाखवला होता?"

"आठवतं. आमच्या डोळ्यांदेखत विरघळला होता."

"तेच तर. जमिनीतून ओला निघाला आणि ओलाच ठेवला तर तो टिकतो. एकदा वाळला आणि मग पाणी लागलं, की पीठ. म्हणून तर म्हटलं, असल्या जागी शाफ्ट खणायला लावू नका. तुम्ही होतात, विनीत होता. सर नेमके मंत्रालयात अडकले होते, नाहीतर त्यांनाही पटलं असतं त्याच दिवशी."

नम्रताने ते मनात टिपून ठेवलं. ती उठली आणि खिडकीशी उभ्या असलेल्या विनीतकडे गेली. दोघं एकाच कॉलेजातले, एकाच बॅचचे.

"विनू, तू पेटी बघितलीस तेव्हा काहीच बोलला नाहीस."

"बोलण्यासारखं काय होतं?"

"भूगर्भतज्ज्ञ तू आहेस."

"आहे ना?" तो कडवट हसला. "दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात नव्हतं. मी नकाशा काढला. मग ही बाई आली आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, हे बांधताच येणार नाही. सर मान डोलवत होते. माझ्या ऑफिसात लोक मला क्रेनवाला म्हणतात आता. मग आज तिची जागा फसली, तर मी कशाला तोंड उघडू?"

"म्हणजे उघडण्यासारखं काहीतरी आहे."

विनीतचा चेहरा पडला. त्याने पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. "शेडमध्ये पाणी शिरतंय बघ," एवढंच तो म्हणाला.

नम्रताने बघितलं. शेडच्या उघड्या दारातून गढूळ पाणी आत चाललं होतं. आणि खालच्या रॅकवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चाळीखालच्या जुन्या बोअरच्या पेट्या होत्या.

४

"कुठे चाललीस?" व्हरांड्यातून वैशंपायन ओरडले.

"शेडमध्ये."

"वेडी आहेस का? पाण्याखाली काय आहे दिसत नाही. शॉक लागेल."

"मेन स्विच मीच पाडलाय, सर."

"नम्रता, मी मुख्य अभियंता म्हणून सांगतोय, तू तिकडे जायचं नाही!"

एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्यावर आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. तरी ती सलवार गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरली. पाणी मांडीपर्यंत आलं. पायाखाली काहीतरी घसरलं, तिने पत्र्याला धरलं. मागे छपछप आवाज झाला. रुचाही उतरली होती.

शेडमध्ये अर्धवट अंधार होता. रुचाने मोबाईलचा टॉर्च धरला. जुन्या पेट्या दोन वर्षं धूळ खात पडलेल्या, त्यांच्या बुडाला पाणी टेकलं होतं. नम्रताने पहिलीचं झाकण उचललं. धूळ, आणि रांगेत फिकट तांबडे तुकडे, वाळून चिरा पडलेले. दुसरी उघडली. तीही तशीच.

तिसऱ्या पेटीच्या झाकणावर धूळ नव्हती.

"उघडा," रुचा कुजबुजली.

आत वरच्या दोन रांगा तांबड्याच होत्या. खालच्या रांगांत मात्र काळा दगड होता. अखंड, गुळगुळीत, नुकताच कापल्यासारखा. नम्रताने त्यावर तळहात ठेवला. थंड, जड. ती जे शोधत होती तेच.

"हा आपला," रुचा म्हणाली. "देवा, हा आपला खडक आहे. इथला तिकडे आणि तिकडचा इथे."

"टॉर्च नीट धरा. फोटो काढते."

फोटो काढून दोघींनी मिळून पेटी उचलली आणि छातीशी धरून केबिनपर्यंत आणली. वैशंपायन दारातच उभे होते. ते बाजूला झाले नाहीत.

"सर," नम्रता म्हणाली, "वाट द्या. जड आहे."

५

पेटी टेबलावर ठेवली गेली. दोघींच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. बाहेर पडायला वाट नव्हती, त्यामुळे कुणाला तोंड चुकवायलाही जागा नव्हती.

नम्रताने पेटीतला एक वाळका तांबडा तुकडा उचलला आणि पिण्याच्या पाण्याच्या ग्लासात टाकला. बारीक बुडबुडे आले. कड सुटली. बघता बघता तुकडा ढासळला आणि ग्लासाच्या बुडाशी सकाळच्या पेटीतल्यासारखाच चिखल जमा झाला.

"जमिनीतून परवा ओलाच निघालेला दगड रात्रीत असा विरघळत नाही," ती म्हणाली. "जो दोन वर्षं वाळलाय तोच विरघळतो. म्हणजे तळाच्या पेटीतला माल या जुन्या पेटीतला. कुणीतरी तुकडे बदलले. पण वाळका, फिकट तुकडा ताजा वाटेना, म्हणून त्यावर पाणी ओतलं. ओला दिसला की कालचा वाटेल, असं त्याला वाटलं. सकाळपर्यंत त्याचा गाळ झाला."

"हे कुणीही करू शकतं," वैशंपायन म्हणाले. "किल्ली खिळ्याला होती."

"किल्ली सगळ्यांच्या हाताशी होती, खरंय. पण पाणी कोण ओतेल? रुचाने हा दगड ग्लासात टाकून आम्हाला दाखवला होता. तिला माहीत होतं काय होईल. विनीत शेजारी बसला होता, आणि त्याचं तर शिक्षणच हे. दोघांपैकी कुणी हे केलं असतं, तर दगडाला पाण्याचा थेंब लागू दिला नसता, कारण चिखल झाला की लबाडी उघडी पडणार. ज्याला हे माहीत नव्हतं त्यानेच पाणी ओतलं." तिने श्वास घेतला. "त्या दिवशी आपल्यापैकी एकच माणूस हॉलमध्ये नव्हता, सर."

वैशंपायनांनी तो ग्लास दूर सारला.

"रुचा कंत्राटदाराची," ते म्हणाले, "आणि तू चाळीतली. तुमचं दोघींचं कोण ऐकणार?"

नम्रताला एकदम उमजलं. "म्हणून तुम्ही पेट्या माझ्या ताब्यात दिल्यात? माझं घर तिथे आहे, हे माहीत होतं म्हणून?"

त्यांनी पेटीचं झाकण लावून टाकलं.

"माझं ऐकतील," विनीत म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. तो अजून खिडकीशीच होता. "ही जागा चांगली ठरली तर माझा नकाशा केराच्या टोपलीत जातो. त्यामुळे मी म्हटलं की खडक चांगला आहे, तर कुणी शंका घेणार नाही. माल बदललाय हे सकाळीच कळलं होतं मला. गप्प बसलो." तो नम्रताकडे वळला. "चुकलं माझं. समितीपुढे मी सांगेन."

वैशंपायन खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा खचले.

"गेल्या महिन्यात यांचे संचालक माझ्या गाडीत बसले," ते रुचाकडे बोट करून म्हणाले. "हिला माहीत नाही. म्हणाले, पहिल्या टप्प्यात जी किंमत बोललो ती विसरा. आता जमीन आम्हाला माहीत, नकाशे आम्ही बदललेले, मशीन आम्ही ठरवलेलं. दुसरा कुणी आणलात तर दोन पावसाळे फुकट जातील. लोकांच्या घरात पाणी शिरेल तेव्हा उत्तर तुम्ही द्या." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "घरात मीच बोलावलेला पाहुणा, आणि तो निघेना. किंमत जुळली नाही म्हणून मोडलं असतं, तर सगळे म्हणाले असते, वैशंपायनांनीच याला मागच्या दाराने आणलं. जमीन वाईट निघाली, यांची जागा बाद झाली म्हणून मोडलं, तर दोष कुणाचाच नाही. तेवढं एकच दार होतं."

"त्या दारात माझी आई उभी होती, सर. आणि अख्खी चाळ."

"त्यांना नवी घरं मिळाली असती."

"कधी?"

चौघं तशीच बसून राहिली. पाणी उतरून फाटक दिसू लागल्यावर नम्रताने खिळ्यावरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

६

विनीतने शब्द पाळला. वैशंपायनांना रजेवर पाठवलं गेलं आणि बोलणी करायचं काम नम्रताच्या गळ्यात पडलं. तेव्हा तिला समजलं की सर ज्या खोलीत कोंडले गेले होते, तिथेच आता आपल्याला बसवलंय. कंपनीचे संचालक आले, हसले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्याशिवाय तुमच्याकडे दुसरा पर्याय काय आहे?"

"काल दोन कंपन्यांचे लोक शेडमध्ये येऊन खडक बघून गेले," नम्रता म्हणाली. "बोअर आम्ही पैसे देऊन मारून घेतलेत. नकाशे आमचे आहेत. जे तुम्हाला माहीत आहे ते आता त्यांनाही माहीत आहे."

संचालकांचं हसू गेलं नाही, पण थिजलं. आकडा पुन्हा बघतो म्हणून ते उठले. रुचा त्यांच्यामागून जाताना नम्रताकडे न बघता गेली. तिला अजून त्याच कंपनीत दिवस काढायचे होते.

सगळं मिटलं असं मात्र झालं नाही. नम्रताची आई चाळीत राहते, हे कुणीतरी वर कळवलं आणि तिच्यावरच चौकशी बसली. अधिकाऱ्याने स्वतःचं घर वाचवलं, असा आरोप होता. तिकडे चाळीतल्या मंडळाने तिच्या अभिनंदनाचा बोर्ड लावून त्यात भर घातली. तिने हात जोडून तो काढायला लावला, तर लोक म्हणाले, बकुळामावशीची पोर किती साधी आहे बघा.

चौकशीच्या आधी ती गिरगावात वैशंपायनांच्या घरी गेली. ते गॅलरीत बसले होते. शर्टाला इस्त्री नव्हती. चहा आला. त्यांनी बैठकीचं विचारलं, तिने सांगितलं.

"दुसऱ्यांना बोलावून खडक दाखवलास," ते पुन्हा म्हणाले. "बस एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला हे सुचलं नाही असं नाही, सर. मग का नाही केलंत?"

त्यांनी कप बशीत फिरवला. "दुसऱ्यांना बोलवायचं म्हणजे आधी वरच्या साहेबांना सांगावं लागलं असतं की मी अडकलोय. माझीच कल्पना, माझाच कंत्राटदार, आणि मीच अडकलोय. ते वाक्य तोंडातून निघेना. चोरी करणं त्यापेक्षा सोपं वाटलं."

नम्रताला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही तिने तसंच राहू दिलं.

"उद्या मला विचारतील, पेट्या तुझ्याकडे कशा आल्या," ती म्हणाली. "ते तुम्ही सांगायला हवं."

"सांगेन. तब्येत जरा सावरली की..."

"आत्ता, सर."

तिने फोन काढून समितीच्या सचिवांचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन दोघांच्या मध्ये, कपाशेजारी ठेवला. पलीकडून दोनदा "हॅलो" आलं. वैशंपायनांनी ओठ ओले केले. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं.

"मी चिंतामणी वैशंपायन बोलतोय," ते म्हणाले. "मी अडकलो होतो. कुठून सुरुवात करू?"